निम्मा कागद मोकळा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका छापखान्यात कानावर पडलेलं एक वाक्य बरेच दिवस पाठ सोडत नाहीये. पावसाळ्याचे दिवस होते. ओल लागू नये म्हणून कागदाच्या रिमांवर प्लॅस्टिक अंथरलेलं, आतल्या खोलीत एकरंगी ऑफसेट मशीनची एका लयीत खटखट, शाई आणि रॉकेलचा मिसळलेला वास. काउंटरवर एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेच्या पत्रकाचं प्रूफ पडलं होतं. अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं केलेलं. ए-फोर कागद, वरचा अर्धा भाग पांढराशुभ्र. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक रेघेच्या अक्षरांत व्याख्यानमालेचं नाव, त्याखाली करड्या रंगात पाच तारखा, पाच वक्ते, पाच विषय. महिरप नाही, समई नाही, सरस्वती नाही. छापखान्याच्या मालकांनी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, चष्मा कपाळावर सरकवून ते प्रूफ हातभर लांब धरलं आणि म्हणाले, "पोरी, निम्मा कागद मोकळाच हाय की. ह्यात आणि धा नावं बसली असती."

"अण्णा, डिझाइनच तसं आहे ते."

"आसंल. पण लोक म्हणतील, मजकूर कमी पडला काय ओ ह्यांना."

मुलगी काहीच बोलली नाही. अण्णांनी प्रूफ परत काउंटरवर ठेवलं आणि त्यावर पावडरीचा डबा ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

अण्णांचं म्हणणं उडवून लावावं असं मुळीच नाही. हे गाव मोकळ्या जागेला घाबरणारं नाही, पण मोकळ्या कागदाला इथे नक्कीच वेगळा अर्थ आहे. लग्नपत्रिकेत एखाद्या मामाचं नाव राहिलं तर दोन पिढ्या ते निघतं. मंडळाच्या फलकावर कार्यकर्त्याचा फोटो नसेल तर पुढच्या वर्षी तो माणूस वर्गणीला फिरत नाही. तिथली दाटी कुणाच्या अडाणीपणातून आलेली नाही. प्रत्येक चेहरा म्हणजे कुणाची तरी जपलेली ओळख असते. शिवाय हे बाबूराव पेंटरांचं गाव. त्यांनी सिनेमाच्या जाहिरातीसाठी भरगच्च, रंगांनी ओथंबलेली पोस्टरं रंगवली, त्याला शंभर वर्षं झाली. डोळ्याला भरल्या कागदाची सवय इथे वारशानं मिळते. अशा गावात झुरिकची शिस्त, म्हणजे नक्षी टाळून, मोकळी जागा राखून, आखीव चौकटीत मांडणी करायची स्विस शैली, घेऊन यायचं तर आधी ती शिस्त नेमकी कशासाठी होती हे ठाऊक असायला हवं.

ही शिस्त उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्वित्झर्लंडमध्ये, तिची पाळंमुळं अर्थात आधीची. झुरिकच्या कलाशाळेत अर्न्स्ट केलर १९१८ पासून शिकवत होते. यान चिखोल्ड यांनी १९२८ साली जर्मनीत नव्या अक्षररचनेचा जाहीरनामाच पुस्तकरूपानं मांडला होता. मधोमध रचलेली शीर्षकं नकोत, नक्षी नको, कागदाच्या डाव्या कडेला धरून मजकूर लावा, आणि जे महत्त्वाचं ते आकारानं आणि जागेनं दाखवा. स्वित्झर्लंडमध्ये ह्याला आणखी एक रोजचं कारण होतं. एकाच कागदावर जर्मन, फ्रेंच आणि इटालियन अशा तीन भाषा शेजारी शेजारी बसवायच्या, आणि कुणी थोरला, कुणी धाकटा दिसता कामा नये. तिन्ही भाषांना सारख्या रुंदीचे स्तंभ द्यायचे, सारख्या ओळीवर सुरुवात करायची. माझ्या मते ग्रिडचा, म्हणजे कागद स्तंभांत आणि पट्ट्यांत आखून घेणाऱ्या चौकटीचा, खरा जन्म ह्या वाटणीतून झाला, आणि सौंदर्याचा विचार त्याच्या मागून आला. योझेफ म्युलर-ब्रॉकमन, रिशार्ड पाउल लोझे, हान्स नॉयबुर्ग आणि कार्लो विवारेल्ली ह्या चौघांनी १९५८ ते १९६५ ह्या काळात 'नॉये ग्राफिक' नावाचं नियतकालिक चालवलं, तेही तीन भाषांत. ह्याच सुमारास अक्षरंही तशीच साधी घडली. १९५७ मध्ये आलेला 'नॉये हास ग्रोटेस्क' हा टाइप १९६० पासून हेल्व्हेटिका म्हणून ओळखला गेला, आणि त्याच १९५७ मध्ये आद्रियान फ्रुटिगरचा युनिव्हर्स हा टाइप कमी-जास्त जाडीच्या आणि रुंदीच्या एकवीस रूपांत एकत्र आला.

ग्रिड म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला झुरिकपर्यंत जावं लागत नाही, पान वाढलेलं आठवलं तरी पुरे. मीठ वर मधोमध. डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजव्या हाताला भाजी, आमटी. समोर वरण-भाताची मूद. पंगतीत दोनशे पानं असली तरी वाढप्याला विचार करावा लागत नाही आणि जेवणाऱ्याला शोधावं लागत नाही. एखाद्या दिवशी कोशिंबीर नसली तर चटणी पसरून ती जागा भरत नाहीत. ती जागा तिचीच राहते, आणि पान अपुरंही वाटत नाही, कारण बाकी सगळं आपापल्या जागी असतं.

आता कागदावर हे कसं उतरवायचं, तेही मराठीसाठी. बहुतेक जण इथेच चुकतात. आधी चौकोन आखतात, मग मजकूर त्यात कोंबतात. क्रम उलटा हवा: आधी मजकुराची ओळ ठरवायची आणि तिच्यातून चौकोन काढायचे. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. मजकूर १२ पॉइंटात, आणि एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचं अंतर १८ पॉइंट. १८ पॉइंट म्हणजे बरोबर ६.३५ मिलिमीटर. अशा ३९ ओळी घेतल्या की उंची होते २४७.६५ मिलिमीटर. वर २० मिलिमीटरचा समास सोडला की खाली २९.३५ उरतो. खालचा समास मोठा असलेलाच बरा, नाहीतर मजकूर कागदावरून घसरल्यासारखा दिसतो. डावीकडे २० आणि उजवीकडे १६ सोडले की १७४ मिलिमीटर रुंदी हाती येते. त्यात ३९ मिलिमीटरचे चार स्तंभ आणि मध्ये ६ मिलिमीटरच्या तीन फटी चपखल बसतात. ३९ ओळीच का, तर उभ्या दिशेनं एकेका ओळीची फट सोडून त्यांचे ९ ओळींचे चार भाग होतात, ७ ओळींचे पाच होतात आणि ४ ओळींचे आठही होतात. हिशोब करून बघा: चार नवे छत्तीस अधिक तीन फटी, पाच साते पस्तीस अधिक चार, आठ चोक बत्तीस अधिक सात. दोन स्तंभ आणि चार आडव्या पट्ट्या धरल्या तर ८ घरं, चार स्तंभ आणि पाच पट्ट्या तर २०, चार आणि आठ तर ३२. म्युलर-ब्रॉकमन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रिडवरच्या पुस्तकात हीच ८, २० आणि ३२ घरांची मांडणी सविस्तर सोडवून दाखवली आहे. एकाच कागदावर तिन्ही मावतात ही गोष्ट पहिल्यांदा हातानं आखून बघताना जो आनंद होतो, तो गणिताचा की चित्राचा, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

शीर्षकाचं मापही ह्याच ओळीतून काढायचं. २४ पॉइंटाचं शीर्षक ३६ च्या अंतरावर, म्हणजे ते दोन ओळींची जागा घेतं. ३६ पॉइंटाचं ५४ च्या अंतरावर, म्हणजे तीन ओळी. मग शीर्षक कितीही ओळींचं झालं तरी शेजारच्या स्तंभातला मजकूर त्याच्याशी बांधलेला राहतो. कागदाचंही असंच. ए मालिकेच्या कागदात बाजूंचं प्रमाण एकास दोनचं वर्गमूळ असतं, जर्मनीत १९२२ साली ते प्रमाण ठरलं. कागद निम्मा केला तरी बाजूंचं प्रमाण तेच राहतं. ए-फोरचं पत्रक ए-थ्रीवर मोठं करायला काही हलवावं लागत नाही. आपल्याकडे छापखान्यात अजून क्राऊन आणि डेमी ही इंची मापं चालतात. २० बाय ३० इंचांचा डबल क्राऊन निम्मा केला की १५ बाय २० होतो. तीनास दोनचं प्रमाण चारास तीन होऊन बसतं. म्हणून पत्रकाचं पोस्टर करताना कुठेतरी पट्टी घालून जागा भरावी लागते, आणि ती पट्टी मग जाहिरातीला जाते.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. खरी अडचण आपल्या लिपीची, म्हणजे आपण ती परक्या रेघेवर बसवतो त्याची.

रोमन अक्षरं खालच्या रेघेवर उभी असतात. देवनागरी वरच्या रेघेला लटकते. मोडी लिहिणारे आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं सोडत जायचे. करवीर संस्थानच्या दप्तरातले कागद बघितले की ती रेघ आधी आणि अक्षर नंतर हे नजरेला कळतं. आपल्या उद्यमनगरातल्या कुठल्याही टर्नरला विचारा, मापं कुठून घ्यायची हे आधी ठरतं. एका बाजूला डेटम धरलं की सगळी मापं तिथूनच. अर्धी इकडून आणि अर्धी तिकडून घेतली तर प्रत्येक मापातली बारीक चूक साठत जाते आणि जॉब रिजेक्ट होतो. देवनागरीचं डेटम शिरोरेषा आहे. पण सॉफ्टवेअर इंग्रजी रिवाजानं बेसलाइनवर, म्हणजे खालच्या रेघेवर जुळवतं. त्यामुळे शेजारी शेजारी दोन मापांचा मजकूर लावला की त्यांचे पाय एका रेघेत येतात आणि माथे खालीवर होतात, आणि आपला डोळा तर माथ्यावरूनच वाचत जातो. उपाय हातानं करावा लागतो. शेजारच्या मजकुराची पहिली ओळ शिरोरेषेला शिरोरेषा भिडेल अशी सरकवायची. छायाचित्राची वरची कडदेखील शिरोरेषेला लावायची. वेलांटी, मात्रा आणि रफार त्या कडेच्या वर डोकावले तर डोकावू द्यायचे. मात्रेच्या टोकाला कड लावली तर चित्र वर तरंगतं.

दुसरी गोष्ट ओळींमधल्या अंतराची. इंग्रजीत १२ पॉइंटाला १४ चं अंतर खपून जातं, कारण वर डोकावतात ती बी, डी, एलसारखी मोजकी अक्षरं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे मजले. वरच्या ओळीत 'वृद्धत्व' आणि बरोबर खाली 'कीर्ती' आलं की १४ मध्ये दोघांची टक्कर ठरलेली. म्हणून १८. ह्याहून कमी करायचं तर १७ पर्यंत, आणि तेही टाइप बघून.

तिसरी गोष्ट वजनाची, म्हणजे अक्षराच्या जाडीची. स्विस पोस्टरांची नक्कल करताना शीर्षकाच्या अक्षरांत अंतर टाकून ते ऐसपैस करायचा मोह होतो. रोमन कॅपिटलांना ते शोभतं. देवनागरीत मात्र शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द फणीच्या दातांसारखा दिसतो. आपल्याकडे कॅपिटल नाहीत, तिरपं अक्षर परकं वाटतं, म्हणजे मोठं-धाकटं दाखवायला आकार, जाडी आणि जागा एवढंच हाताशी उरतं. जाडी फार वाढवली तर ७० जीएसएमच्या मॅपलिथो कागदावर शाई पसरून 'क्ष', 'ष', 'ठ' ह्यांची पोटं भरतात. फार कमी केली तर अक्षर प्लेटवरच अर्धं मरतं. डावी कड सरळ दिसावी म्हणून मजकूर डावीकडे धरायचा हे मात्र आपल्या फार सोयीचं आहे. मराठीत शब्द तोडून पुढच्या ओळीत न्यायची रीत नाही, आणि 'जिल्हाधिकारी कार्यालयासमोरील' असले शब्द दोन्ही कडा सारख्या करायला गेलं की मध्ये ओढे काढतात. त्यापेक्षा उजवी कड फाटकी बरी. एक बारीक खोच राहते: ओळ 'भ' किंवा 'ध'नं सुरू झाली तर त्यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, आणि ती ओळ किंचित आत ढकलल्यासारखी वाटते. मोठ्या शीर्षकात ते अक्षर केसभर बाहेर ओढावं लागतं.

आता त्या प्रूफकडे परत बघितलं की वेगळंच दिसायला लागतं. व्याख्यानमालेचं नाव बारीक रेघेचं आणि अक्षरांत अंतर टाकलेलं, म्हणून शिरोरेषा तुटलेली. मजकूर १२ ला १४. आणि तो करडा रंग. पडद्यावर करडं अक्षर मऊ, शालीन वाटतं; एकरंगी मशीनवर करडी शाई नसते, काळ्या शाईचे ठिपके असतात. ६० टक्के काळा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी, आणि १२ पॉइंटाच्या अक्षराची कड त्या जाळीत करवतीसारखी होते. शिरोरेषा तर ठिपक्यांची रांगच होऊन बसते. लेझर प्रूफवर हे निम्मंच दिसतं, छापून आल्यावर पूर्ण.

निम्मा कागद मोकळा होता, आणि ओळींना श्वास घ्यायला जागा नव्हती.

अण्णांना हेच खटकलं असणार. साठ पावसाळे छापील कागदावरून नजर फिरलेल्या माणसाला कागद वाचायला जड जातोय हे कळतं. कारण सांगताना मात्र समोर दिसणाऱ्या रिकाम्या जागेकडे बोट गेलं. मोकळी जागा आधी अक्षराच्या पोटात द्यायची, मग दोन ओळींच्या मध्ये, मग दोन व्याख्यानांच्या मध्ये, आणि हे सगळं देऊन जी उरेल ती कागदाला. झुरिकच्या त्या पोस्टरांचे फोटो बघून नक्कल करणाऱ्याला फक्त शेवटचा पांढरा दिसतो. म्युलर-ब्रॉकमन यांच्या १९५५ च्या बेथोव्हेन पोस्टरमध्ये काळ्या कमानी फिरत जातात त्या मधल्या पांढऱ्यामुळे, आणि त्या कमानींमध्ये अंदाजानं सोडलेली जागा सापडत नाही.

ह्या शैलीविषयी मनात दुमत आहे, ते लपवून उपयोग नाही. जगातल्या सगळ्या माणसांना एकाच अक्षरातून, एकाच मांडणीतून सगळं सांगता येईल हा तिचा आत्मविश्वास मला अजूनही सलतो. खुद्द चिखोल्ड पुढे मागे वळले. नाझींनी छळलेल्या त्या माणसाला आपल्याच तरुणपणीच्या नियमांत हुकूमशाहीचा वास यायला लागला. १९४७ ते १९४९ ह्या काळात पेंग्विनसाठी काम करताना त्यांनी मधोमध रचलेली जुनी शीर्षकपानं पुन्हा जवळ केली. आणि तरीही ह्या ग्रिडचं देणं नाकारता येत नाही. मास्सिमो विन्येल्लींनी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या माहितीपत्रकांसाठी आखलेली चौकट अजून वापरात आहे. स्विस डिझाइनर आर्मिन हॉफमन १९६५ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकवायला आले होते. त्याच संस्थेतल्या शेखर कामत यांनी घडवलेलं, १९७१ मध्ये आलेलं स्टेट बँकेचं निळं वर्तुळ आपण पासबुकावर रोज बघतो. वेबवरच्या अनेक पानांमागे बारा स्तंभ असतात, कारण बाराला दोन, तीन, चार आणि सहानं भाग जातो. आणि देवनागरीच्या बाजूनं पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी ह्या डिझाइन विभागात शिकवलेल्या र. कृ. जोशींनी विंडोजसाठी मंगल हा टाइप घडवला, 'एक टाइप' ह्या अक्षररचना संस्थेच्या मंडळींनी मुक्त वापरासाठी मुक्ता दिला. मुक्ताच्या एकाच कुटुंबात देवनागरी आणि रोमन शेजारी बसतात आणि कुणी थोरला वाटत नाही. तीन भाषांच्या त्या जुन्या वाटणीचीच ही आठवण.

आणि सगळ्यात ओळखीचा ग्रिड तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. 'कालनिर्णय' १९७३ पासून. आकडा ठळक, तिथी बारीक, रविवार लाल, सण त्याच्या घरात. कुणी मिनिमल म्हणणार नाही असं भरलेलं पान, तरी म्हातारी आजीही चष्म्याशिवाय एकादशी शोधते, कारण ती कुठे असणार हे तिला ठाऊक असतं. त्या प्रत्येक घरात थोडी कोरी जागा असतेच. दूध आलं नाही त्या दिवशी तिथे खाडा पडतो. गॅस कधी लावला, कामवाल्या मावशींना कधी पैसे दिले, सगळं त्या नखाएवढ्या पांढऱ्यात.

चार दिवसांनी दुसरं प्रूफ आलं. १२ ला १८. करडं गेलं, सगळं शंभर टक्के काळं. नाव जाड, ३६ पॉइंटात, अंतर न टाकता. पाचही व्याख्यानं आठ पट्ट्यांतल्या खालच्या पाच पट्ट्यांत, प्रत्येकाला चार ओळी आणि एक ओळ मोकळी. पहिल्या स्तंभात तारीख आणि वार, बाकी तिन्हीत वक्ता आणि विषय, तारखेची आणि नावाची शिरोरेषा एका रेघेत. नाव वरच्या पट्टीत, आणि त्याखालच्या दोन पट्ट्या कोऱ्या. मोकळं पहिल्यापेक्षा कमी होतं, तरी भरपूर. अण्णांनी पुन्हा हातभर लांब धरलं. नावं वाढवायचं काही बोलले नाहीत. "तारीख लांबनं दिसतीया आता," म्हणाले, आणि आत प्लेट करायला दिलं.

ते पत्रक वाचनालयाच्या फळ्यावर लागलं. तिसऱ्या व्याख्यानाच्या आदल्या दिवशी तिथे गेलो तेव्हा पंचगंगा पात्राबाहेर आलेली, गावाकडून येणारे रस्ते बंद पडायला लागलेले, आणि वक्त्यांचं येणं दोन दिवस पुढे गेलं होतं. ग्रंथपालांनी निळ्या पेनानं नवी तारीख आणि वेळ लिहिली होती, त्या व्याख्यानाच्या खाली सोडलेल्या एका ओळीत. वर नावाखाली दोन पट्ट्या कोऱ्या होत्या, तिथे नाही. इथेच, जिथे बघणारा बघणार होता. तारीख तारखेच्या स्तंभात होती, वेळ पुढच्या स्तंभात, आणि दोन्ही लिहायच्या आधी त्यांनी पट्टी लावून निळी शिरोरेषा ओढून घेतली होती.